घरी बांधलेलं विमान: आतल्या भागांना पावडर कोटिंग करावं का?

खटपट्या

नमस्कार मंडळी,

किटवरून दोन आसनी विमान बांधतोय हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहेच. (नव्यांसाठी: हो, खरंखुरं. नाही, अजून उडालेलं नाही. हो, घरचे अजून बोलतात माझ्याशी.) पंख झाले, शेपूट झालं, सांगाडा चाकांवर उभा आहे. आता केबिन.

मागच्या वर्षी कंट्रोल स्टिक आणि रडर पेडल्सना मी डब्यातल्या स्प्रेने राखाडी रंग मारला होता. त्यानंतर त्यांचं काम एकच, बसवायचं आणि काढायचं. परवा पाहिलं तर पेडलवर बुटाची टाच टेकते तिथे नागवं लोखंड आणि कडेने गंजाची नारिंगी लव. विमान उडायच्या आधी रंग उडाला!

म्हणून पावडर कोटिंग (कोरडी पावडर चिकटवून भट्टीत पिकवायचा रंग). पोलादी भाग म्हणजे स्टिक, पेडल्स, फ्लॅपचा दांडा, सीटची चौकट, सगळं ४१३० (मिश्र पोलाद) नळीचं वेल्डिंग. इन्स्ट्रुमेंट पॅनेल ६०६१-टी६ चा पत्रा (हा आणि पुढचे आकडे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे, 'टी' म्हणजे टेंपर, कसं कडक केलंय ते). सीटच्या पाठीचे ब्रॅकेट आणि काही कोन २०२४-टी३ चे. कॅनॉपीच्या कडीचा दांडा ७०७५ च्या ठोकळ्यातून कोरलेला, तो मित्राने करून दिला. कोटिंगवाले म्हणतात, "सगळं एकदम आणा, एका लॉटमध्ये काढून देतो."

रंग आरएएल ७०३५ (फिका राखाडी) ठरवलाय, त्यावर मतं नकोत. बाकी सगळ्यावर हवीत.

भट्टीवाला

कोटिंगच्या लाइनवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी आमच्या बाजूने सांगतो. भाग धुऊन, ब्लास्टिंग (वाळू किंवा मण्यांचा मारा) करून, फॉस्फेट किंवा तत्सम प्रक्रिया करून येतो. बंदुकीतून पावडर उडते तेव्हा तिला साठ-सत्तर हजार व्होल्टचा भार दिलेला असतो, भाग अर्थ केलेला असतो, पावडर धुरळ्यासारखी येऊन चिकटते. मग भट्टी. नेहमीच्या पॉलिएस्टर पावडरीला १८० ते २०० अंश सेल्सिअस, दहा ते वीस मिनिटं. ही मिनिटं मोजायची ती धातू त्या तापमानाला पोचल्यापासून. भट्टीच्या काट्यावर १९० दिसतं तेव्हा आतला जाड ठोकळा अजून १२० वर असू शकतो, आणि शेजारचा पातळ पत्रा केव्हाचा १९० ला पोचलेला असतो.

म्हणून "एका लॉटमध्ये" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. जाड भाग पिकेपर्यंत पातळ भाग भाजत राहतो. लोखंडी ग्रिल असेल तर काही बिघडत नाही, रंग किंचित पिवळट होईल इतकंच. तुमच्या ॲल्युमिनियमचं काय होतं ते जाणत्यांनी सांगावं, तो माझा प्रांत नाही.

जुनाजाणता

रंगाचं नंतर. आधी पत्र्यावरचा शिक्का वाच.

४१३० ची काळजी सोड. त्याला दोनशे अंश म्हणजे कोवळं ऊन. किट कंपन्याही पोलादी वेल्डिंगचे भाग पावडर कोट करूनच पाठवतात, व्हॅन्सच्या आरव्ही विमानांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे.

६०६१-टी६ मुळात भट्टीतूनच आलेलं असतं. टी६ म्हणजे आधी तापवून पाण्यात विझवलेलं आणि मग १७७ अंशांना आठेक तास किंवा १६० ला अठराएक तास मुरवलेलं. त्याला दोनशेला वीस मिनिटं ठेवलंस तर ताकद थोडी उतरते. पॅनेलसारख्या भागाला चालून जाईल. पण भट्टीचा हिशेब साचत जातो. रंग आवडला नाही म्हणून दुसऱ्यांदा, डाग राहिला म्हणून तिसऱ्यांदा, असं करायचं नाही.

७०७५-टी६ मुरतं १२० अंशांना, चोवीस तास. दोनशे म्हणजे त्याच्या कितीतरी पलीकडे. सुमारे ५०० मेगापास्कलची यील्ड (कायमचं वाकायला लागण्याआधीची ताकद) मिळते म्हणून माणूस ७०७५ घेतो, आणि मग रंगासाठी तीच घालवून बसतो. कडीचा दांडा भट्टीत जाणार नाही. अॅनोडाइझ कर, पोरगं दिसायला देखणं होईल.

आता २०२४-टी३. याने जन्मात भट्टी पाहिलेली नसते, म्हणजे विझवल्यानंतर. ते खोलीच्या तापमानालाच मुरतं. त्याला मुद्दाम भट्टीत मुरवायचं तर १९० अंशांना बारा तास लागतात, मग ते टी८१ होतं, ते वेगळं आणि धडधाकट टेंपर. पण वीस मिनिटांत ते ना इकडचं राहतं ना तिकडचं. ताकद सुरुवातीला जरा उतरते, मग चढायला लागते, ते एक वेळ सोसेल. खरी भीती गंजाची. अर्धवट तापलेल्या २०२४ मध्ये तांबं कणांच्या सीमांवर जमायला लागतं आणि गंज त्या सीमा धरून आत शिरतो. वरून कोटिंग गुळगुळीत, आत पत्रा पुस्तकाच्या पानांसारखा सुटत चाललेला. तुझे सीटच्या पाठीचे ब्रॅकेट या वर्गात आले.

खटपट्या

काका, धन्यवाद. आता कबुलीजबाब. निम्म्या पत्र्यांवरचं निळं प्लास्टिक सोलून, कडा घासून झाल्यात. शिक्के गेले. कोन तर सगळे एकाच खोक्यात आहेत. ओळखायचे कसे?

जुनाजाणता

आधी ड्रॉइंग. भागाच्या क्रमांकासमोर मिश्रधातू लिहिलेला असतो. तिथे नसेल तर एडी करंटचं वाहकता मोजायचं यंत्र कुणाकडून मागून आण. ६०६१-टी६ तांब्याच्या तुलनेत साधारण ४३ टक्के दाखवतं, २०२४-टी३ साधारण ३०. ७०७५ मात्र २०२४ च्या जवळपास येतं, पण तुला दोन्ही भट्टीबाहेरच ठेवायची आहेत, तेव्हा फरक पडत नाही.

यंत्र नसेल तर कॉस्टिक सोडा. पाण्यात दहा टक्के, हातमोजे आणि चष्मा घालून, उरलेल्या कापाकापीवर एक थेंब. फसफसतं. काही मिनिटांनी धुऊन बघ. तांब्याचं मिश्रण काळं पडतं, ६०६१ पांढरट-राखाडी राहतं. थेंब टाकायचा तो कापलेल्या कडेवर. क्लॅड पत्र्याच्या तोंडावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो, तो उजळ राहून तुला फसवेल. मी तरुणपणी फसलोय.

आणि ज्याचा पत्ता लागत नाही तो २०२४ आहे असं धरून चालायचं.

टिगताई

नळ्यांच्या वेल्डिंगबद्दल दोन शब्द, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे.

सीटची चौकट बांधली तेव्हा नळ्या आतून गंजू नयेत म्हणून जवसाचं तेल ओतून, फिरवून, निथळून, भोकं बंद केली. पुस्तकी पद्धत. मग चौकट कोटिंगला दिली. परत आली तेव्हा एका सांध्याभोवती मुरमासारखे फोड आणि त्यांच्या मधोमध टाचणीएवढं भोक, भोकातून तेलाचा ओघळ. वेल्डमध्ये एक सुईएवढं छिद्र होतं, डोळ्यांना कधीच दिसलं नसतं. बंद नळीतली हवा दोनशे अंशांना दीडपटीहून जास्त दाब धरते. नळी काही फुटत नाही, पण वितळलेल्या पावडरीतून हवा आणि तेल बुडबुडे काढत बाहेर पडतात. तेल लागलेल्या लोखंडावर पावडर धरत नाही ती नाहीच.

मी कोटिंगवाल्यांवर भडकले होते. त्यांनी शांतपणे फोडावर बोट फिरवून माझ्या नाकाशी धरलं. वास जवसाचा.

तेव्हा क्रम असा: वेल्डिंग, गळतीची तपासणी (नळीत अगदी हलका दाब देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी), कोटिंग, आणि सगळ्यात शेवटी तेल. तेल घालायच्या भोकात भट्टीपुरतं सिलिकॉनचं बूच.

कोपऱ्यातला_वाचक

"भुकटीलेपन" असा मराठी शब्द सुचवून मी पुन्हा कोपऱ्यात जातो.

भट्टीवाला

आमच्या लाइनवर हा शब्द उच्चारलात तर लोक भुकटी तुमच्यावरच लेपतील.

जुनाजाणता

टिगताई, क्रम अगदी बरोबर. पण स्टिक आणि पेडलच्या वेल्डवर पावडर असावी का, यावर माझं मन अजून कौल देत नाही. साधा रंग ठिसूळ असतो, खालचा धातू तडकला की तोही तडकतो आणि रेघ दिसते. पावडर लवचिक. खाली तडा गेला तरी वर कातडं ताणून बसते. इंजिन माउंटवर हे भांडण जुनंच आहे.

टिगताई

काका, इंजिन माउंटबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. तिथे कंपनं आहेत, उष्णता आहे. पण केबिनमधल्या स्टिकवर? तडा हलायला लागला की त्यातून गंजाचं पाणी येतं आणि फिक्या कोटिंगवर तपकिरी रेघ उमटतेच. खटपट्याचा ७०३५ त्यासाठी चांगलाच. काळा घेतला असता तर तुमच्या बाजूने बोलले असते.

मी करते ते असं: कोटिंगच्या आधी प्रत्येक वेल्ड डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणारं रंगीत द्रव्य) तपासायचा, मग ते द्रव्य पूर्ण धुऊन काढायचं, नाहीतर तेही तेलासारखाच घात करतं.

जुनाजाणता

आधी तपासलंस ते त्या दिवसापुरतं. पाचशे तासांनंतर कुणीतरी दुसराच माणूस टॉर्च घेऊन सीटखाली उलटा पडलेला असेल, त्याचा विचार कर. मी तरी वेल्डची जागा झाकून घेईन आणि तिथे पातळ प्रायमर मारीन. दिसायला ठिगळ दिसतं, दिसू दे.

टिगताई

मान्य नाही, पण त्या उलट्या पडलेल्या माणसाबद्दल सहानुभूती आहे.

वजनकाटा

माझं नाव बघून सगळ्यांना वाटलं असेल की आता हा आरडाओरडा करणार. हिशेब करून बघितला. पावडरीची घनता दीडच्या आसपास धरा, थर ७५ मायक्रॉन. चौरस मीटरला साधारण ११२ ग्रॅम. प्रायमर आणि रंग मिळून ५० मायक्रॉन, घनता १.४, म्हणजे ७० ग्रॅम. आतले सगळे भाग दोन्ही अंगांनी मोजून पाच चौरस मीटर होत असतील तर फरक दोनशे ग्रॅमच्या जरा वर. एवढ्यासाठी मी भांडत नाही.

भांडण जाडीशी आहे. सवयीने दणकून मारलेला थर सहज १५० मायक्रॉनवर जातो, टेक्श्चर फिनिशमध्ये तर हमखास. थर मोजायचा गेज घेऊन जा आणि ६० ते ८० असं लिहून द्या.

तारजोड

पॅनेलचं कुणी बोललंच नाही. पावडर म्हणजे प्लास्टिक, वीज जात नाही. पॅनेलमधून अर्थिंग घेणारं काहीही (काही स्विच, डिमर, रेडिओचा ट्रे) कोटिंगनंतर अधांतरी राहतं. वाईट म्हणजे पूर्ण अधांतरी राहत नाही. स्क्रूच्या आट्यांनी थर खरवडतो, तिथे अर्धामुर्धा संपर्क होतो, आणि हेडसेटमध्ये अल्टरनेटरची शीळ ऐकू येते. ही शीळ शोधण्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले आहेत. पॅनेलवर भरवसाच ठेवू नका, प्रत्येक उपकरणाची अर्थची तार एका ठिकाणी आणून जोडा. हेडसेटच्या जॅकला तर एरवीही इन्सुलेटिंग वॉशर लागतातच.

कापलेल्या भोकांच्या कडांवर पावडर जाड बसते. रेडिओची खाच काटेकोर कापली असेल तर ट्रे अडकेल. कोटिंगच्या आधीच अर्धा मिलिमीटर सैल ठेवा. फिनिश मॅट. चकचकीत पॅनेल रात्री काचेत स्वतःचं तोंड बघत बसतं.

नटबोल्ट

बराच काळ नुसता वाचत होतो. पण हा धागा वाचून माझ्या पेडलची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पेडलचे ब्रॅकेट कोट करून घेतले होते, सगळीकडून, भोकांच्या आतूनसुद्धा. मी भोकं रीमरने साफ केली, वॉशर टेकतो ती सपाट अंगं मात्र तशीच ठेवली. इतका सुंदर रंग खरवडायचं जिवावर आलं. एएन३ बोल्ट, २५ इंच-पाउंड टॉर्क, नटावर पिवळ्या लाखेची रेघ. अठरा तास उडालो. मग तपासणीला पेडलखाली डोकं घातलं. लाखेची रेघ जशीच्या तशी, कुठे केसाएवढीही फुटलेली नाही. समाधानाने वॉशरवर बोट ठेवलं आणि वॉशर फिरला.

नट जागेवर, रेघ जागेवर, आणि वॉशर मोकळा! चष्मा पुसून पाहिलं तर वॉशरच्या कडेने राखाडी प्लास्टिकची बारीक झालर बाहेर आलेली. ब्रॅकेटच्या दोन अंगांवर ऐंशी-ऐंशी मायक्रॉन, म्हणजे बोल्टच्या पकडीत दीडशेहून जास्त मायक्रॉन प्लास्टिक. ते दाबाखाली हळूहळू सरकलं आणि बोल्टचा ताण संपला. चार बोल्टांपैकी तिघांची हीच कथा.

आता वॉशरच्या घेराएवढी गोल जागा दोन्ही अंगांना उघडी ठेवतो आणि तिथे प्रायमरचा एक पातळ हात. सीटबेल्टच्या अँकरला तर पावडर लावूच नका म्हणेन.

खटपट्या

नटबोल्ट, अंगावर काटा आला. तुमची पोस्ट वाचून उठलो आणि सगळ्या भागांवर मार्करने गोल काढत सुटलो.

भट्टीवाला, मास्किंग मी घरीच करून देऊ का?

भट्टीवाला

करून द्याच. आमच्याकडे कुणाला ठाऊक असणार कुठला पृष्ठभाग कशाला टेकतो? आट्यांना आणि भोकांना सिलिकॉनची निमुळती बुचं. सपाट जागांना हिरवी पॉलिएस्टर टेप किंवा ती पिवळसर पॉलिइमाइड टेप. साधी मास्किंग टेप भट्टीत करपून चिकटून बसते. पण ब्लास्टिंग होईल तेव्हा टेप उडेल, म्हणून ब्लास्टिंग आधी, मास्किंग नंतर, आणि मधल्या वेळात नागव्या धातूला बोट लावायचं नाही. सुती हातमोजे.

भागावरून जे काढता येईल ते काढा. रॉड एंडच्या (दांड्याच्या टोकाच्या बेअरिंगच्या) आत टेफ्लॉनचं अस्तर असतं. नायलॉन कॉलरचे नट १२० अंशांच्या पुढे कामाचे नाहीत. पियानो हिंज कोट करून मागू नका, ती परत कधी उघडणार नाही. पॅनेलसारख्या पातळ पत्र्याला जोरात ब्लास्ट केलं की तो परातीसारखा फुगतो, त्याला बारीक काचेचे मणी, कमी दाब, दोन्ही बाजूंनी सारखं. लोखंडासाठी वापरलेली वाळू ॲल्युमिनियमला नको, लोखंडाचे कण रुतून बसतात.

आतल्या कोपऱ्यात थर विरळ दिसला तर दोष कारागिराचा नसतो, विद्युतभार कोपऱ्यात शिरायला नाखूष असतो. गसेटच्या (सांध्यावरच्या आधारपट्टीच्या) बेचक्या आधीच तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र लेखी द्या. बिघडलेला भाग आमचे लोक सवयीने जाळायच्या भट्टीत टाकतात, जुनं कोटिंग उडवायला. ती भट्टी चारशेच्या घरात चालते.

जुनाजाणता

बाप रे. ६०६१ मऊ करायचं तापमान ४१३ अंश आहे. पॅनेल हाताने वाकेल.

भट्टीवाला

म्हणूनच लेखी. "दोष आढळल्यास न जाळता परत द्यावे." आणि पॅनेलवर लपलेल्या जागी तापमानाची चिकटपट्टी लावा, ठरावीक अंश ओलांडले की तिचा ठिपका काळा पडतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. १५० च्या आसपास पिकणारी पावडरही मिळते, ॲल्युमिनियमसाठी तीच मागा.

खटपट्या

तीन आठवड्यांनी अपडेट.

भागांचे ढीग केले. पोलादी सगळं एका लॉटमध्ये. पॅनेल आणि ६०६१ चे चार तुकडे वेगळ्या लॉटमध्ये, कमी तापमानाच्या पावडरीत. २०२४ चे ब्रॅकेट आणि कोन घरीच, दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन. रंग जुळवायला वेळ गेला, पण सीटच्या पाठीमागे कोण बघतंय. कडीचा दांडा अॅनोडाइझ. सोड्याच्या थेंबाने खोक्यातले सहा कोन काळे पडले. त्यातले दोन मी ६०६१ समजून आधीच लॉटमध्ये टाकले होते!

पॅनेलवरच्या पट्टीत १६० चा ठिपका काळा, १७० चा पांढरा. थर ६५ ते ८५ मायक्रॉन. पेडलच्या आतल्या बेचकीत ४०, तिथे प्रायमरचा हात देऊन टाकला. वेल्डच्या बाबतीत काका आणि ताई दोघांचंही ऐकलं: स्टिकचा खालचा मुख्य सांधा ठिगळाचा, बाकी सगळे कोट केलेले. दोघंही नाराज असतील.

फक्त एक घोळ आहे. सिलिकॉनची एकतीस बुचं मोजून दिली होती, तीस परत आली. कोटिंगवाले म्हणतात आमच्याकडे नाही. काल रात्री टॉर्च लावून एकेक नळी बघितली, तर एकतिसावं स्टिकच्या नळीत, वरून वीत-दीड वीत खाली. चिमटा पोचत नाही, फुंकून हलत नाही. आता तेल ओतायच्या आधी काढायचं कसं?

टिगताई

खालच्या टोकाने तार घालून वर ढकल. तारेचं टोक गोल वळव, नाहीतर आतून ओरखडा उठेल.

तारजोड

आणि लवकर काढा. त्याच नळीतून माझ्या पीटीटी बटणाची (रेडिओवर बोलताना दाबायचं ते) वायर जायची असते.